आधी उत्तर देणारा

१

दर सोमवारी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायच्या आधी मी आमच्या जिन्यातली नावांची पाटी पुसते. काळी, आडव्या खाचांची पाटी, वर काच, आणि खाचांत दाबून बसवलेली पांढरी प्लॅस्टिकची अक्षरं. कोणी घर सोडलं की त्याची अक्षरं काढून डब्यात टाकायची, नवा आला की त्याच डब्यातून वेचून लावायची. अकरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. सोसायटीच्या सभेत कोणी हात वर केला नाही, मी केला, कारण या कामात न विचारता सगळं कळतं. लोक मला चौकस म्हणतात. म्हणू देत. रोलंड, माझा नवरा, गेल्यापासून माझ्या घरात बोलणारं दुसरं कोणी नाही.

अठरा मार्चला, सोमवारीच, मी काच पुसत होते आणि फडकं दुसऱ्या मजल्याच्या ओळीवर थांबलं. तिथे माझ्या नावाशेजारी 'नोरलिंग' लावलेलं होतं. अक्षरं सरळ रेषेत, मधली अंतरं सारखी, अगदी मी लावते तशी.

ती अक्षरं मी जानेवारीत माझ्या हाताने काढली होती. डबा माझ्या घरात असतो आणि काचेची किल्ली माझ्या जुडग्यात. मी वर जाऊन डबा उघडून पाहिला. त्या नावाची अक्षरं डब्यातच होती.

मला भीती नाही वाटली तेव्हा. राग आला. माझ्या पाटीला कोणी हात लावला, एवढंच डोक्यात.

२

एस्किल नोरलिंग माझ्या समोरच्या घरात वीस वर्षं राहत होता. एकटा. उप्सालाहून रोज गाडीने स्टॉकहोमला जायचा. आपल्या देशातली इंटरनेटवरची सगळी नावं ज्या कार्यालयात नोंदली जातात, तिथे तो नावांच्या राखणीला होता. एवढंच मला पहिली दहा वर्षं ठाऊक. मग एकदा कॉफीला बोलावलं आणि बसवून विचारलंच.

"म्हणजे तू पाट्या लावतोस," मी म्हटलं.

"तुझ्यासारखंच. फक्त माझा डबा मोठा आहे."

"आणि राखण कसली करतोस? अक्षरं कोण चोरतं?"

"अक्षरं नाही गं, उत्तरं. तुझा संगणक एखादं नाव घेऊन हाक मारतो, कुठे आहेस म्हणून. जो आधी ओ देतो त्याचंच तो खरं धरतो. खरा मालक क्षणभर उशिरा आला तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही."

"हे काय भलतंच. असं कोणी बनवलं?"

"भल्या माणसांनी. त्यांना वाटलं, ज्याला हाक मारू तोच ओ देईल." तो दालचिनीच्या बनचा पदर सोडवत हसला. "त्या भलेपणाची किंमत म्हणून माझी नोकरी चालू आहे."

खोटी ओ ओळखता यावी म्हणून त्या लोकांनी उत्तरांवर न दिसणारे शिक्के मारायला सुरुवात केली. त्या शिक्क्यांची मूळ किल्ली वर्षातून दोनदा बदलायची. जमिनीखालच्या एका खोलीत चारजण जमायचे, प्रत्येकाकडे एक कार्ड. एकजण लांबलचक अक्षरं मोठ्याने वाचायचा, दुसरा कागदावर बोट ठेवून पडताळायचा आणि शेवटी म्हणायचा, "जुळलं." तो शब्द उच्चारल्याशिवाय पुढचं काही होत नसे. एस्किल त्या चौघांतला. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालायचा. सुरुवातीला ही सगळी यादी विद्यापीठातल्या एका टेबलावर असे, तेव्हापासूनचा तो. नवी पोरं त्यानेच तयार केली.

गेल्या शरदात तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि कॉफी थंड होऊ दिली.

"मालकाने सोडून दिलेलं नाव आम्ही साठ दिवस बाजूला ठेवतो," तो म्हणाला. "त्या दिवसांत ते कोणाचंच नसतं. कोणाला घेताही येत नाही. तसलं एक नाव उत्तर देतंय."

"चुकीचं?"

"बरोबर. जुना मालक द्यायचा तेच. त्याला आलेली पत्रंही घेतंय. पण उत्तर येतं ते प्रश्न पोचायच्या आधी."

"तुमची घड्याळं बिघडली असतील."

"आमचा साहेबही हेच म्हणाला." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं.

त्याने तीनदा लेखी कळवलं. तिसऱ्यांदा त्यांनी त्याच्याकडून कार्ड काढून घेतलं, तू दमला आहेस म्हणाले, आणि निरोपाला हिरवा केक कापला. बावीस वर्षांच्या नोकरीला एक केक. त्यातला उरलेला तुकडा तो खोक्यातून माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "मारिता, हा टाकून दे. माझ्याने कचऱ्यातही टाकवत नाही." मी तो टाकला. ताटलीसकट टाकला. त्या साहेबाचा चेहरा मी कधी पाहिला नाही, हे त्याचंच नशीब.

३

जानेवारीच्या सुरुवातीला एस्किल त्याच्या बहिणीकडे, दूर उत्तरेला लुलेओला गेला. डॉक्टरांनी फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. "झाडांवर लक्ष ठेव," म्हणाला. त्याच्याकडे एकच झाड होतं आणि ते आधीच वाळलेलं होतं. बहिणीचा नंबर मागायचं मला सुचलं नाही. बाकी जगाच्या चौकशा करते मी, आणि नेमकं हे राहिलं.

दोन आठवड्यांनी इंगवेने मला जिन्यात अडवलं. इंगवे म्हणजे आमच्या सोसायटीचा अध्यक्ष, निवृत्त मोजणीदार, खिशात नेहमी घडीची फूटपट्टी.

"नोरलिंगने घर सोडलं म्हणे."

"कोण म्हणे?"

"पत्रं परत जाताहेत. गेल्या मोजणीला पाणी शून्य. नाव काढून टाक."

"अरे, बहिणीकडे गेलाय तो. आजारी आहे."

"मग सोसायटीला लेखी कळवायला हवं होतं. पाटीवर राहणाऱ्यांचीच नावं असावीत, असा नियम आहे. तूच तर सभेत हात वर केला होतास या कामासाठी."

मी वाद घालायला हवा होता. वाद घालायला मला आवडतो. पण शाळेत त्या दिवशी दोनशे मुलांचं मटाराचं सूप व्हायचं होतं आणि मला उशीर होत होता. मी काच उघडली, एकेक अक्षर नखाने काढलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. सतरा जानेवारी. तारीख लक्षात आहे, कारण मी मागाहून कितीतरी वेळा दिवस मोजले. काढल्यापासून पुन्हा दिसेपर्यंत मधले बरोबर साठ.

४

तर अठरा मार्चला डबा तपासून मी तशीच समोरच्या दाराशी गेले. घंटी वाजवायला बोट उचललं. बटणाला बोट लागलंही नव्हतं.

"हो, मारिता," आतून आवाज आला.

एस्किलचाच आवाज. त्याची ती थोडी नाकातून बोलायची लकब, सगळं तेच.

"आलास कधी?" मी म्हटलं. "आणि माझ्या पाटीला—"

"माफ कर, मीच लावलं."

"सांगायचं तरी. बरा आहेस का? बहीण—"

"बरी आहे ती. मी झोपतो जरा."

मी घरी आले आणि स्वतःला समजावलं. जुन्या घरांची दारं पातळ, तो दाराजवळच उभा असणार, माझ्या चपलांचा आवाज वीस वर्षं त्याच्या ओळखीचा. अक्षरं काय, दुकानात मिळतात. माणूस अपमान सोसून आला की दार उघडत नाही. मला हे सगळं पटलं. पटावं म्हणून मी बराच प्रयत्न केला.

गुरुवारी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत गेले. तिथे भिंतीवर वेळांची फळी आहे. प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप, ते हव्या त्या वेळेच्या भोकात अडकवायचं, की ती वेळ तुमची. एस्किलचं कुलूप सकाळच्या वेळेत होतं. त्याची वेळ नुकतीच संपलेली, वाळवणयंत्र हाताला ऊन लागत होतं. सवयीने मी जाळी ओढून पाहिली. कपड्यांची लव त्या जाळीत जमते, आणि ती न काढणाऱ्यांसाठी मी भिंतीवर चिठ्ठ्या लावते, जरा कडक भाषेतल्या.

जाळीत एक धागा नव्हता. कोणी पुसून घेतल्यावरही कडेला ओलसर लव राहतेच. ही जाळी अशी होती की तिच्यातून कधी काही गेलंच नाही. दीड तास यंत्र फिरलं होतं.

मी चिठ्ठी लिहायला पेन काढलं आणि काय लिहावं ते कळेना.

५

पुढचे तीन आठवडे मी रोज त्याच्याशी बोलले. दारातली पत्रांची झडप उचलायची आणि वाकून बोलायचं. मला वाटायचं, माणसाला माणसाचा आवाज लागतो.

"लुलेओला बर्फ—"

"खूप होता."

"तुझा तो साहेब—"

"विसर त्याला."

एकदा मी मुद्दाम वाक्य अर्धं सोडलं, आणि मनात त्याचा शेवट ठरवलाच नव्हता. आतून काही आलं नाही. मग माझ्या डोक्यात आलं की विचारावं, जेवलास का. शब्द तोंडात यायच्या आत तो म्हणाला, "जेवलो."

इंगवेला सांगितलं तर तो म्हणाला, "उत्तरं देतोय ना? बरोबर देतोय ना? मग तुझी तक्रार काय आहे, मारिता? पत्रंही घ्यायला लागलाय. घराची नोंद मी पुन्हा त्याच्या नावावर चालू केली."

"तू त्याला बघितलंस?"

"बोललो ना त्याच्याशी. दारातून."

त्या दुपारी मी गुडघे टेकले आणि झडपेतून बोलायच्या ऐवजी आत पाहिलं. ऊन पडलेलं होतं, दिवाणखान्यातून उजेड येत होता. दारामागे गेल्या तीन आठवड्यांच्या पत्रांचा ढीग. सगळी पाकिटं फोडलेली. आणि त्या ढिगावर, अगदी दाराला लागून, राखाडी मोज्यांतले दोन पाय.

पाय हलत नव्हते. हलत नाहीत म्हणून मला पाहत राहता आलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे, पण एक गोष्ट मागाहून लक्षात आली. पायांखालची पाकिटं दबलेली नव्हती. सगळ्यात वरचं पाकीट एका कोपऱ्याने उंच उभं होतं, आणि ते टाचेखाली तसंच उभं होतं.

"काय शोधतेस?" वरून आवाज आला. मी काय शोधतेय, हे मी अजून मनातही म्हटलं नव्हतं.

६

नऊ एप्रिलला माझा घरचा फोन वाजला.

"मारिता, मी बोलतोय. बहिणीच्या फोनवरून. अखेर डोकं ताळ्यावर आलंय. गुरुवारी घरी येतो. झाड मेलं का?"

मी खुर्चीत बसले. त्याने माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मधे एकदाही तोंड घातलं नाही. तेवढ्यावरूनच मला रडू फुटलं.

मी सगळं सांगून टाकलं. मग त्याला राग आला. वीस वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"मी लिहून दिलं होतं त्यांना. तीनदा. घड्याळं बिघडलीत म्हणे." मग म्हणाला, "आणि तू नाव काढलंस."

"हो."

"मला विचारल्याशिवाय."

"हो रे. काढलं मी. शिव्या दे."

"शिव्या नंतर. रोज बोलतेस त्याच्याशी? आता बंद कर. विचारायला गेलीस की तेवढं ते तुझ्याकडून घेतं." तो कामाच्या आवाजात बोलायला लागला होता, आणि मला जरा धीर आला. "दार कोणाचं ते इंगवेचा कागद ठरवतो, आणि तो आता त्याच्या बाजूने आहे. कागद फिरवायचा तर इंगवेसमोर पडताळणी हवी. आमच्याकडे करतात तशी. तू साक्षीदार. असा एक प्रश्न ठरव ज्याचं उत्तर फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. मला आत्ता सांगू नकोस. कोणालाच सांगू नकोस. मोठ्याने उच्चारूही नकोस."

मी प्रश्न लगेच ठरवला. रोलंड गेला त्या दिवशी एस्किल माझ्याकडे आला होता. सांत्वन कसं करतात ते त्याला कळेना. ओट्याखाली बटाट्यांची पिशवी दिसली, ती त्याने घेतली आणि अख्खी पिशवी सोलली. पाच किलो. आम्ही एक शब्द बोललो नाही. हे मी जगात कोणाला सांगितलेलं नाही.

नाही सांगितलेलं. त्या तीन आठवड्यांत झडपेतून मी काय काय बडबडले ते मात्र मला सगळं आठवत नाही.

७

गुरुवारी सकाळी अकराला एस्किल बॅग घेऊन जिना चढला. बारीक झाला होता. शर्ट इस्त्रीचा होता. मला आधी मिठी मारली, मग म्हणाला, "चल, करून टाकू."

त्याने किल्ली लावली. कुलूप फिरलं, दार बोटभर उघडलं आणि साखळीला अडकलं. फटीत अंधार. बाहेर लख्ख दिवस, आणि फटीत असा अंधार की जणू दारामागे लगेच भिंत आहे.

इंगवे कागद अडकवलेलं पॅड घेऊन उभा. "हे बघा, मला दोघांपैकी कोणाशी वैर नाही. आत एकजण म्हणतो मी नोरलिंग, बाहेर एकजण म्हणतो मी."

"अरे, तू याला वीस वर्षं बघतोयस," मी म्हटलं. "तोंड बघ ना याचं."

इंगवेने एस्किलकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, डोळे बारीक करून, दूरची खूण वाचावी तसं. "वाटतो खरा त्याच्यासारखा," तो म्हणाला.

त्याच्यासारखा. माझ्या हातात काही असतं तर मी ते फेकलं असतं.

"विचार, मारिता," एस्किल म्हणाला.

मी श्वास घेतला. "रोलंड गेला त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात—"

"बटाटे सोलले," आतून आवाज आला. "पाच किलो. आपण बोललो नाही."

एस्किलचं तोंड नुकतं उघडत होतं.

"बरोबर की चूक?" इंगवेने विचारलं.

"बरोबर, पण—"

"जुळलं म्हणजे." त्याने लिहिलं. मी पाहत असताना लिहिलं.

"बटाटे," एस्किल म्हणाला. "इंगवे, बटाटे. वाळलेली माती होती त्यांच्यावर, मी नळाखाली धुतले, मग—"

"ते तर आम्ही आत्ताच ऐकलं. मागून कोणीही म्हणेल."

"दुसरा प्रश्न विचारते मी," मी म्हटलं. "थांब, दुसरा. एस्किल, आपण पहिल्यांदा—"

"तळघरात. तू माझे कपडे यंत्रातून काढून ठेवले होतेस, आणि चिठ्ठी लिहिली होतीस."

तेही खरं होतं. मी तिसरा विचारला, चौथा विचारला. तोंड न उघडता विचार करून पाहिला, तेव्हा तर उत्तर आणखीच लवकर आलं. एस्किलने माझ्या दंडाला हात लावला. "पुरे, मारिता. तू देतेस आणि ते घेतं."

"मग करायचं काय?"

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "दोघांना एका जागी, एकाच वेळी विचारायचं नसतं. हे मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. घरी यायच्या घाईत विसरलो."

दार आतून लोटलं गेलं आणि बंद झालं. बंद होताना कडेवर क्षणभर चार बोटं दिसली. नखं एस्किलची होती, करंगळीचं वाकडं नखसुद्धा. मी एस्किलच्या हाताकडे पाहिलं. त्याने हात खिशात घातला होता आणि तो बाहेर काढेना.

८

मी म्हटलं, माझ्याकडे राहा. रोलंडची खोली रिकामी आहे. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ, वर्तमानपत्रात जाऊ, त्या तुझ्या साहेबाच्या दारात जाऊन बसू, मी येते, मला रजा शिल्लक आहे. तो ऐकत होता. आतला कधीच असं ऐकत नसे.

"माझी पत्रं तिकडे जातात," तो म्हणाला. "बँक त्याला विचारते. उद्या माझी बहीणही त्यालाच फोन करेल, आणि मी आहे तसाच आहे असं त्याच्याकडून ऐकेल. तुझ्या खोलीत मी कोण म्हणून राहू?"

"माझा शेजारी म्हणून."

तो जरासा हसला. मग बॅग उचलून खाली निघाला. पायऱ्यांवर त्याच्या बुटांचा आवाज होत होता. मी तो मोजला, खाली दार आपटेपर्यंत.

मी खिडकी उघडली. आमची दारं समोरासमोर असली तरी या बाजूच्या खिडक्या एकाच भिंतीत, शेजारी-शेजारी आहेत. अंगणातला बर्फ वितळून वाळूचा चिखल झाला होता. रस्त्यापलीकडे थांब्यावर तो उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. बस वळणावर दिसत होती. मला एकदम कळलं की हा या बसमध्ये चढला की मला कुठे शोधायचं ते कळणार नाही. कोणाकडे चौकशी करणार, आणि कोणाची म्हणून?

"अहो," मी ओरडले. तो हलला नाही. "अरे, थांब. बॅगवाले. ऐक ना."

थांब्यावरच्या दोन बायकांनी वर पाहिलं. त्याने नाही. माझ्याकडे त्याच्यासाठी दुसरी हाकच नव्हती. वीस वर्षं मी त्याला एकाच नावाने हाक मारली, आणि ते तोंडातून काढायचं नाही हे मला माहीत होतं, पक्कं माहीत होतं.

बस थांब्याला लागली. दार उघडलं.

"एस्किल," मी हाक मारली. होता नव्हता तेवढा जीव लावून मारली.

"हो, मारिता," शेजारच्या खिडकीतून ओ आली. माझ्या हाकेच्या आधी आली. हातभर अंतरावरून, गोड, तत्पर. "बोल ना. काय हवंय?"

थांब्यावरच्या माणसाने मान वळवली नाही. कोणा दुसऱ्याला मारलेली हाक ऐकून आपण वळत नाही, तशी. तो पायरी चढला आणि दार मिटलं.

"काय हवंय, मारिता?" शेजारून पुन्हा आलं.

मी तिकडे पाहिलं नाही. बस दिसेनाशी होईपर्यंत मी समोरच पाहत राहिले, दातावर दात घट्ट दाबून, म्हणजे मनातसुद्धा काही विचारलं जाऊ नये.